बॉस्टनचं ‘हत्याकांड’: खरंच हत्याकांड होतं का?

पेठकर (धागाकर्ता):
अमेरिका ब्रिटिशांची वसाहत असताना बॉस्टन शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि अमेरिका पेटून उठली, एवढंच डोक्यात होतं. गेल्या आठवड्यात खटल्यातल्या साक्षी वाचल्या आणि मत फिरलं. ते हत्याकांड नव्हतंच, नंतर तसं रंगवलं गेलं.

५ मार्च १७७०. रात्र, रस्त्यावर बर्फ. किंग स्ट्रीटला जकात कचेरीपाशी ह्यू व्हाइट हा एकटा शिपाई पहाऱ्यावर. केसांचे टोप बनवणाऱ्याच्या हाताखालचा एक पोरगा एका अधिकाऱ्याला ‘मालकाची उधारी बुडवली’ म्हणून हिणवत होता. (उधारी फिटलेली होती, पोराला पत्ता नव्हता!) व्हाइटने पोराला बंदुकीचा दस्ता हाणला. झालं, गर्दी जमली. बर्फाचे गोळे, कालवांचे शिंपले, दंडुके. कॅप्टन प्रेस्टन सात जणांना घेऊन धावला. मॉन्टगोमेरी नावाचा शिपाई फटका बसून आडवा झाला, उठला आणि त्याने बार काढला. मग बाकीच्यांनीही. तिघे जागीच गेले, दोघे नंतर.

खटल्यात प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा शिपाई सुटले. त्यांचा वकील होता जॉन ॲडम्स, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. त्याला ब्रिटिशांचा हस्तक म्हणणार का?

सावंतीण:
साफ असहमत. कोर्टाने त्या रात्रीचा न्याय केला, आधीच्या दीड वर्षाचा नाही.

१ ऑक्टोबर १७६८ ला बॉस्टनमध्ये फौज उतरली. जेमतेम सोळा हजार वस्तीच्या गावात सुमारे दोन हजार शिपाई! कशाला, तर काच, कागद, रंग, शिसं, चहा यांवरची जकात वसूल करणाऱ्यांना संरक्षण द्यायला. शिपायांचा पगार तुटपुंजा, म्हणून ते फावल्या वेळात कमी मजुरीवर कामं धरायचे. म्हणजे तुमच्या डोक्यावर बसवलेला माणूस तुमच्या पोटावरही पाय देणार.

२ मार्चला एक शिपाई दोरखंडाच्या कारखान्यात काम मागायला गेला. तिथला कामगार म्हणाला, "आहे की, माझा संडास साफ कर." तुंबळ मारामारी झाली. पाच तारखेला मेलेला सॅम्युएल ग्रे त्याच कारखान्यातला, आणि गोळी झाडणाऱ्यांतला किलरॉय त्या मारामारीत होता. हे तुमच्या ‘स्वसंरक्षणा’त कुठे बसवायचं?

पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोल्जर घरांत घुसले तेव्हा लोकांच्या मनात काय साचलं, हे पेठेतल्या माणसाला मी सांगायला हवं का?

वकिली कावा:
कायद्याचा मुद्दा. प्रेस्टनने हुकूम दिला का, यावर त्याचा खटला फिरला. त्या रात्री चर्चच्या घंटा वाजत होत्या, आग लागली समजून लोक घराबाहेर आलेले. ‘फायर’ म्हणजे आगही आणि गोळी झाडाही. शिवाय जमावातलेच काही ‘हिंमत असेल तर फायर करा’ म्हणून शिपायांना चिडवत होते. आता हा शब्द नेमका कुणाच्या तोंडून आला, सांगा बरं.

किलरॉय आणि मॉन्टगोमेरी सदोष मनुष्यवधात अडकले. फाशी टळली, अंगठ्यावर डाग देऊन सोडले.

मुठेकाठचा:
पाच माणसं मेली तर हत्याकांड? जालियनवाला बागेत सरकारी आकडाच ३७९ होता. शब्द जपून वापरा राव.

सावंतीण:
@मुठेकाठचा, हत्याकांडाचा किमान आकडा ठरवणारी समिती कुठे बसते?

आणि @पेठकर, ॲडम्सचं इतकं कौतुक आहे तर त्याने जमावाला काय म्हटलं तेही लिहा. उद्धट पोरं, काळे, मिश्र वर्णाचे, आयरिश, परके खलाशी. मेलेल्यांतला क्रिस्पस ॲटक्स आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा, म्हणून जूरीसमोर त्याला राक्षसासारखा उभा करणं सोपं गेलं.

पेठकर:
ॲडम्सचं ते भाषण वाईटच, मान्य. पण दुसऱ्या बाजूचं काय? बॉस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअर याने या घटनेचं जे चित्र छापलं त्यात शिपाई कवायतीसारखे एका ओळीत, प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, जकात कचेरीवर चक्क ‘कसायाचा वाडा’ अशी पाटी! तेही हेन्री पेल्हम या चित्रकाराच्या चित्रावरून उचललेलं. लोक पेटले ते हे चित्र बघून. आणि नियतीची थट्टा बघा, त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान नॉर्थ चहा सोडून बाकीची जकात मागे घ्यायचा प्रस्ताव मांडत होता. बॉस्टनला ते कळायला समुद्र आडवा.

शेवटचा पुरावा देतो. गोळी लागलेल्यांतला आयरिश पॅट्रिक कार नऊ दिवसांनी मेला. मरताना त्याने डॉक्टरला सांगितलं की मारणाऱ्यावर माझा राग नाही. आयर्लंडमध्ये सैनिकांना लोकांवर गोळ्या घालताना पुष्कळदा पाहिलं, पण त्याआधी याच्या निम्मंही सोसताना कधी पाहिलं नाही. ज्याला गोळी लागली तोच असं म्हणतोय, आता बोला.

सावंतीण:
बोलते की. म्हणजे आयर्लंडमध्ये याच्या निम्म्या चिथावणीवरही गोळ्या सुटायच्या, आणि कारला त्याची सवय झाली होती. हे तुम्ही शिपायांच्या बाजूने मांडताय?