इनम वापरायचा की प्रत्येकाचा वेगळा क्लास करायचा?

निपाणीकर:
साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जावा भाषेत करालोय. उसाची गाडी आली की नोंद, भरलेलं वजन, गव्हाणीवर खाली, रिकामं वजन, पावती, एवढ्याच मुख्य अवस्था आणि ह्याच क्रमानं, म्हणून मी सरळ इनम, म्हणजे ठरावीक नावांची बंद यादी, केला. टीममधल्या एकाचं म्हणणं की इनम म्हणजे सी भाषेची जुनी सवय, ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये प्रत्येक अवस्थेचा क्लास पाहिजे. मला अजिबात पटत नाही. जावात इनम 2004 ला आला, जावा 5 मध्ये, त्याआधी लोक स्टॅटिक फायनल इंट, म्हणजे नाव दिलेले साधे आकडे, लिहायचे अन् अवस्थेच्या जागी गाडीचा प्रकार पाठवला तरी कंपायलर गप्प, दोन्ही इंटच की. आता तसं कंपाइलच होत नाही. शिवाय जावाचा इनम नुसता आकडा नाही, तो क्लासच आहे, फील्ड, कन्स्ट्रक्टर, मेथड सगळं देता येतं. पुढची अवस्था कुठली हे मी कॉन्स्टंटच्या, म्हणजे यादीतल्या त्या त्या नावाच्या, आतच लिहिलंय. अजून काय पाहिजे?

खानापूरकर:
दादा, तू आत मेथड लिहिलीस, पण बाकीचे लिहीत नाहीत ना. बिलात स्विच (प्रत्येक व्हॅल्यूला वेगळी फांदी), रिपोर्टात स्विच, मेसेज पाठवायच्या कोडात परत तोच स्विच, आणि नवीन व्हॅल्यू आली की सगळीकडं शोधत फिरा. बर्ट्रांड मेयरनं 1988 ला ओपन क्लोज्ड तत्त्व मांडलं ते ह्याचसाठी, नवीन प्रकार आला की नवीन क्लास, जुन्या कोडला हात लावायचा नाही. बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक असा इनम केलास अन् उद्या अंगद गाडी आली, वाहतूक दर वेगळा, मग ऐन गाळपात नवीन बिल्ड टाकणार काय?

निपाणीकर:
क्लास केला तरी बिल्ड काढावाच लागतो की! गाडीचा प्रकार मी इनममध्ये घातलेलाच नाही, तो दरासकट टेबलात आहे, कारण तो कारखाना ठरवतो, मी नाही. अवस्था मात्र कोडच ठरवतो. आणि स्विच शोधायचं काम कंपायलरला दे. जावा 14 पासून स्विच एक्स्प्रेशन आहे, त्यात एखादा कॉन्स्टंट राहिला तर एरर येतो, फक्त डिफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची फांदी, लिहायचा नाही, डिफॉल्ट लिहिला की ती राखण गेली.

चिकोडीकर:
इनमच्या बाजूनंच आहे, पण डेटाबेस बघा. जेपीएला, म्हणजे जावातला डेटा डेटाबेसात ठेवणाऱ्याला, काही सांगितलं नाही तर तो ऑर्डिनल, म्हणजे क्रमांक साठवतो. मधे एक कॉन्स्टंट घुसडला की खालचे सगळे एकानं सरकतात आणि जुन्या पावत्यांचा अर्थच बदलतो, एरर पण येत नाही. स्ट्रिंग म्हणूनच साठवा. सी शार्पवाल्यांनी तर जास्त जपायचं, तिथं यादीत नसलेला 99 आकडा जबरीनं इनममध्ये कास्ट केला तरी तो मुकाट्यानं घेतो.

शहापूरकर:
मोबाइल ॲपचं कोणीच बोलेना. सर्व्हरवर नवीन अवस्था घातली, वाहतूकदाराच्या फोनात जुनंच ॲप, तिथं व्हॅल्यूऑफ (नावावरून इनम शोधणारी मेथड) एक्सेप्शन फेकतो अन् ॲप बंद. बाहेर जाणाऱ्या डेटात इनम नकोच, साधी स्ट्रिंग बरी.

निपाणीकर:
बाहेर स्ट्रिंगच जाऊ दे, पण आत घेताना एकाच जागी इनम करायचा, ओळखीची नसेल तर तिथंच अडवायची. ॲपभर स्ट्रिंग फिरवली तर एका वेलांटीच्या चुकीनं गाडी हरवते.

खानापूरकर:
बरं, अवस्थांपुरतं मान्य. पण ऊस नाकारून गाडी परत पाठवली तर? ती नोंदीनंतर पण जाऊ शकते, वजनानंतर पण. तुझी पुढची अवस्था एकच आहे ना?

निपाणीकर:
एक नाही, मेथड इनमसेट, म्हणजे कॉन्स्टंटचा संच, देते, दोन्ही ठिकाणी त्यात 'परत' आहे. कन्स्ट्रक्टरमधून द्यायला जाऊ नको, खाली लिहिलेले कॉन्स्टंट तिथं दिसत नाहीत, कंपाइल होणार नाही. मेथडमधूनच दे.