कोड आहे हो, पण तो सांभाळायचा कुणी?

लिनक्समधून जुन्या ३२ बिट प्रोसेसरांचा पाठिंबा काढण्यावर काहीजण म्हणतात, "कोड सगळ्यांसमोर आहे, कुणीतरी सांभाळलाच असता, मग काढून टाकायची गरज काय". हा मुद्दा मला अर्धाच पटतो. जुना कोड कोपऱ्यात गप्प बसत नाही, शेजारच्याच्या कामात पाय घालतो. लिनक्स कर्नलने (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने) २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत इंटेलचा ३८६ प्रोसेसर सोडला (लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ज्यावर लिनक्स लिहायला सुरुवात केली तोच!). त्या चिपमध्ये 'सीएमपीएक्सचेंज' (मेमरीतली किंमत तपासून एका झटक्यात बदलणारी) ही सूचनाच नाही, ती ४८६ पासून आली. त्यामुळे अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांसाठी काही सुधारायचं म्हटलं की या म्हाताऱ्याची वेगळी सोय बघावी लागायची.

या वादात २०३८ चा विषय कुणी काढत नाही: ३२ बिटांत मोजलेली वेळ त्या वर्षी संपते आणि तारखा चुकायला लागतात. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट एआरएम प्रोसेसरांवर वेळ ६४ बिटांत मोजायला लागले, पण आय३८६ ला (३२ बिट पीसींसाठीचं डेबियन, नाव तेवढं जुनं) मुद्दाम वगळलं. कारण जुने तयार प्रोग्राम चालवणं एवढाच त्याचा उपयोग आता धरलाय, आणि ते या बदलाने मोडले असते. त्याचा इन्स्टॉलर आणि कर्नलही आता मिळत नाही. म्हणजे नुसतं "पाठिंबा चालू ठेवा" म्हणून भागत नाही, तारखेचं दुखणं उरतंच.

माझ्याकडे इंटेलच्या ॲटम एन२७० या ३२ बिट प्रोसेसरचा नेटबुक आहे, १ जीबी रॅमचा. डेबियन १२ वर गाणी वाजवतो, टर्मिनल चालवतो, तक्रार नाही. पण एखादी बातम्यांची साइट उघडली की बिचाऱ्याचा पंखा बोंबलायला लागतो. कर्नलच्या कितीतरी आधी ब्राउझरनेच त्याला घरी बसवलंय.