घरातली काच फुटली. बदलून व्हायला किती दिवस लागले?

पुणे
मे महिन्यातला वळीव. हॉलचा पडदा उडाला आणि कठड्यावरची गुलाबाची कुंडी घेऊन स्लायडिंगवर आदळला. कुंडी शाबूत, काच गेली. काचवाला त्याच संध्याकाळी मापं घेऊन गेला तो गेलाच. "ताई, उद्या नक्की," हे अकरा दिवस ऐकलं. बाराव्या दिवशी उगवला, फ्रेम खोलली, काच रबरात दाबून बसवली, पल्ला ट्रॅकवर चढवला. वीस मिनिटं! तोवर कबुतरं ओट्यापर्यंत येऊन गेली होती. तुमच्याकडे काय फुटलं, किती दिवस गेले आणि ते नेमके कुठे गेले, लिहा.

डोंबिवली
अर्धा तास. बाथरूमच्या पट्ट्यांच्या खिडकीतली एक पट्टी फुटली होती. काचवाल्याची वाट बघायचीच नाही, तुकडा जाड फडक्यात गुंडाळून आपणच दुकानात न्यायचा. त्याने नव्या काचेवर फूटपट्टी धरून काच कापायचा हिरा ओढला, कर्र आवाज, टेबलाच्या कडेवर एक दाब, टक्. कडा घासून पट्टी हातात दिली. मी छातीठोकपणे "चार एमएम" सांगत होतो, तुकडा मोजला तर पाच.

ठाणे
डोंबिवलीकर, साधी काच होती म्हणून सुटलात. आमचं बाथरूमचं टफनचं, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेचं, पार्टिशन रात्री अडीचला आपोआप फुटलं. आत कुणी नाही, नळ बंद, आणि धाड! सासूबाईंना वाटलं सिलिंडर गेला. दिवा लावला तर फरशीभर मक्याच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांचा सडा. चौकशी केल्यावर कळलं, काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल तर बसवून वर्षं झाल्यावरही ती अशी फुटू शकते.

खरी गंमत पुढे. टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार करतात. एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. खाचा, भोकं, सगळं भट्टीच्या आधी. आठ दिवसांनी काच आली, तर हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर सहा इंचांऐवजी आठ! अख्खी काच बाद, पुन्हा भट्टी, आणखी नऊ दिवस. वर सिलिकॉन वाळायला एक दिवस पाणी बंद. अठरा दिवस आम्ही अंगणासारख्या झालेल्या बाथरूममध्ये पाणी आवरत अंघोळी केल्या. भांडायला गेलो तर मापाच्या कागदावर सही माझीच.

पुणे
बाप रे. सही करण्याआधी टेप लावून बघायची, हे लक्षात ठेवते.

सांगली
जुन्या घराची लाकडी खिडकी. काच तासाभरात कापून आली, घोडं अडलं लांबीपाशी, म्हणजे काच चौकटीत पक्की करायच्या पुट्टीपाशी. सुतारकाकांना विकतची चालेना. खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन कणकेसारखी मळत बसले. आधीची दगड झालेली लांबी पटाशीने खरवडण्यातच दुपार गेली. त्यात पावसाळा, वाळता वाळेना. रंगाचा हात द्यायला तीन आठवडे थांबलो, तेवढ्यात खारीने एक कोपरा कुरतडला. तो पुन्हा भरला.

म्युनिक
सात आठवडे. इथे दोन काचा, मध्ये वायू आणि कडा सीलबंद, असा आख्खा संच मापाने कारखान्यातून येतो. घर भाड्याचं, म्हणून आधी मालकाला मेल, मग त्याचा विमा, मग फॉर्म, मग कारागीर. त्याने टेप काढण्याआधी दोन काचांच्या मधल्या पट्टीवर छापलेली बारीक अक्षरं वहीत उतरवून घेतली. पाच वर्षं त्याच खिडकीत चहा पितोय, तिथे काही लिहिलंय हे दिसलंच नव्हतं. कारखान्याला तीन आठवडे लागले, कागदांना चार. बसवायला पाऊण तास, आणि जाताना फरशी व्हॅक्यूम करून गेला.

नाशिक
गॅसच्या शेगडीची काच. सांगितला आठवडा, लागले तेवीस दिवस. तोवर आईची जुनी स्टीलची शेगडी काढली होती. नव्या काचेची शेगडी आता माळ्यावर आहे.

मुंबई
आमचा सोळावा दिवस, खिडकीला प्लायवूड, दुपारीही ट्यूब लावून बसतोय. काच परवाच आली, पण लिफ्टमध्ये मावेना. माप घेताना लिफ्ट कुणी मोजलीच नव्हती. उद्या चार माणसं जिन्याने आणणार म्हणतात, चौदावा मजला आहे. सध्या पार्किंगमध्ये आमच्याच जुन्या गादीला टेकून उभी आहे.