जॉन स्ट्रोगर (कुक काउंटी, शिकागो): नोंद लिहिताना काय काय तपासायचं?

वाचनवेडा:
जॉन एच. स्ट्रोगर ज्युनिअर यांच्यावर मराठीत एक सविस्तर नोंद तयार होते आहे. जन्म १९ मे १९२९, हेलेना, आर्कान्सा. १९७० पासून कुक काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याखालचा, जिल्ह्यासारखा विभाग) बोर्डावर, १९९४ मध्ये अध्यक्ष, त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय, एवढं जुळलंय. अडतंय ते तीन ठिकाणी. काउंटी बोर्डाच्या अध्यक्षाच्या हातात नेमकं काय असतं? २००६ मध्ये त्यांची जागा मुलाला कोणत्या नियमाने मिळाली? आणि विक्रीकर वाढवल्याचं खापर कुठे बापावर, तर कुठे मुलावर फोडलेलं दिसतं, त्यात खरं काय?

दप्तरी:
आधी अधिकार. कुक काउंटी लोकसंख्येने अमेरिकेत दुसरी, साधारण पन्नास लाखांची. शिकागो शहर जवळजवळ पूर्णपणे तिच्यात येतं, पण शहराचा महापौर आणि काउंटीचा अध्यक्ष यांचा कारभार वेगळा. काउंटीकडे सार्वजनिक रुग्णालयं, तुरुंग, न्यायालयांचा खर्च आणि मालमत्ता कराची वसुली. मात्र शेरीफ (पोलीस प्रमुख), असेसर (मालमत्तेचं मूल्य ठरवणारा), ट्रेझरर (खजिनदार), क्लार्क (नोंदी आणि निवडणुका पाहणारा), सरकारी वकील हे सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. म्हणून ‘स्ट्रोगर तुरुंग चालवत’ असं लिहू नका. ते अर्थसंकल्प मांडत. तुरुंग शेरीफ चालवे. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष डोळ्यांपुढे ठेवून लिहायला गेलात, तर इथेच घोटाळा होईल.

बोर्डात १७ सदस्य. हेच १७ जण फॉरेस्ट प्रिझर्व्हचंही (काउंटीची राखीव वनं) मंडळ असतात आणि अध्यक्षही तोच, म्हणजे एकाच माणसाकडे दोन अर्थसंकल्प. १९९४ च्या आधी १० सदस्य शहरातून आणि ७ उपनगरांतून सामायिक मतदानाने येत. त्या वर्षीपासून एकसदस्यीय मतदारसंघ झाले. स्ट्रोगर चौथ्या मतदारसंघाचे सदस्यही होते आणि अध्यक्षही. दोन्ही पदं एकाच वेळी, हे नोंदीत स्पष्ट यायला हवं, नाहीतर २००६ मध्ये दोन जागा का रिकाम्या झाल्या ते वाचकाला कळणार नाही.

खरी ताकद नकाराधिकारात. त्या काळी अध्यक्षाचा नकार मोडायला चार पंचमांश, म्हणजे १७ पैकी १४ मतं लागत. चार सदस्य सोबत असले की अध्यक्ष निर्धास्त. बाकीच्या तेरांनी कितीही आदळआपट केली तरी ठराव पडायचा.

रेवा_वाचते:
दप्तरींच्या मुद्द्याला जोडून: नुसत्या बोर्डावरून स्ट्रोगर समजत नाहीत. १९६८ मध्ये ते आठव्या वॉर्डाचे डेमोक्रॅटिक कमिटीमन, म्हणजे पक्षाचे वॉर्डप्रमुख, झाले. हे पक्षाचं पद आहे, सरकारी नव्हे, पण त्यांच्या राजकारणाचं मूळ तिथे आहे. वॉर्डातून मतं काढायची आणि कार्यकर्त्यांना काउंटीत नोकऱ्या लावायच्या, ही शिकागोची जुनी रीत. राजकीय भरतीविरुद्धचा शॅकमन खटला १९६९ चा, त्यातले न्यायालयीन हुकूम १९७२ आणि १९८३ चे. स्ट्रोगर यांच्यावरची ‘वशिल्याच्या भरती’ची टीका या पार्श्वभूमीशिवाय लिहिली तर ती वैयक्तिक उखाळीपाखाळी वाटेल.

दुसरी गोष्ट बहुतेक नोंदी गाळतात. १९८० मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेस) पहिल्या मतदारसंघाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, ते हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या विरोधात उभे होते आणि हरले. १९८३ च्या महापौरपदाच्या प्राथमिक फेरीत त्यांनी वॉशिंग्टन यांना नव्हे, रिचर्ड एम. डेली यांना पाठिंबा दिला. वॉशिंग्टन जिंकले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. दक्षिण भागातल्या अनेकांना स्ट्रोगर यांचा तो निर्णय झोंबला. माझ्या मते त्यांच्या स्वभावाची किल्ली इथेच आहे: आधी पक्षयंत्रणा, मग बाकीचं. ‘पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष’ एवढ्यावर थांबलात तर हा ताण हरवतो.

शिक्षण विसरू नका. लुइझियानातलं झेवियर विद्यापीठ, १९५२. कायद्याची पदवी डीपॉल, १९६५.

आरोग्यखातं:
रुग्णालयांच्या तारखा हमखास चुकतात. प्रॉव्हिडंट रुग्णालय डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी १८९१ मध्ये स्थापलं, १९८७ मध्ये बंद पडलं आणि काउंटीने ते १९९३ मध्ये पुन्हा सुरू केलं. तेव्हा अध्यक्ष रिचर्ड फेलन होते, स्ट्रोगर सदस्य. श्रेय द्या, पण अध्यक्ष म्हणून नको.

कुक काउंटी रुग्णालयाची जुनी इमारत १९१४ ची. १९३७ मध्ये बर्नार्ड फँटस यांनी अमेरिकेतली पहिली रक्तपेढी याच संस्थेत सुरू केली. ४६४ खाटांचं नवं रुग्णालय डिसेंबर २००२ मध्ये उघडलं, आणि ते मात्र पूर्णपणे स्ट्रोगर यांच्या अध्यक्षपदाच्या काळातलं. ऐपत नसलेल्या रुग्णालाही इथे उपचार मिळतात. बोर्डातला त्यांचा सगळ्यात चिवट आग्रह याचसाठी होता. नाव त्यांचंच दिलं गेलं, आणि ते पदावर असतानाच. नाकं मुरडली गेलीच. जुनी इमारत पाडली असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका; ती उभी आहे, २०२० मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं.

दप्तरी:
आता २००६. १४ मार्चला पक्षाघाताचा झटका, २१ मार्चला प्राथमिक निवडणूक. मतपत्रिकेवर नाव कायम होतं. फॉरेस्ट क्लेपूल यांना त्यांनी साधारण ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी हरवलं. नंतर प्रकृतीबद्दल कुटुंबाकडून फारशी माहिती बाहेर आली नाही, आणि टीका मुख्यतः त्यावर होती.

स्ट्रोगर यांच्यासारखा प्राथमिक फेरी जिंकलेला उमेदवार माघार घेतो तेव्हा पुन्हा मतदान होत नाही. पक्षाचे कमिटीमन नवा उमेदवार ठरवतात: शहराचे ५० वॉर्ड आणि उपनगरांच्या ३० टाउनशिप, एकूण ८०. प्रत्येकाचं मत सारखं नसतं. त्याच्या भागात पक्षाला पडलेल्या मतांनुसार वजन मिळतं. म्हणून मोठ्या वॉर्डांची एकी झाली की निकाल लागल्यातच जमा. खासदार डॅनी डेव्हिस इच्छुक होते, पण जुलैत निवड झाली स्ट्रोगर यांचा मुलगा टॉड स्ट्रोगर यांची. ते आधीच आठव्या वॉर्डाचे नगरसेवक होते. चौथ्या मतदारसंघाची उमेदवारी विल्यम बीव्हर्स यांना गेली.

उमेदवारी वेगळी आणि उरलेला कार्यकाळ वेगळा. ऑगस्ट ते डिसेंबर अध्यक्षपद बॉबी स्टील यांच्याकडे होतं, त्या पदावरच्या पहिल्या महिला. ‘बापानंतर थेट मुलगा’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं.

वाचनवेडा:
आभार. आणि कराचं?

रेवा_वाचते:
तो टॉड यांच्या काळातला. जॉन स्ट्रोगर १८ जानेवारी २००८ ला वारले. काउंटीचा विक्रीकर ०.७५ वरून १.७५ टक्के झाला १ जुलै २००८ पासून. शंभर डॉलरच्या खरेदीवर काउंटीचा वाटा ७५ सेंटवरून पावणेदोन डॉलर, आणि शिकागोतला एकूण दर १०.२५ टक्के. बोर्डाने तो कमी करायचा प्रयत्न केला, टॉड यांनी नकाराधिकार वापरला आणि १४ मतं जमेनात. २००९ मध्ये राज्याने कायदा बदलून ही अट तीन पंचमांशांवर, म्हणजे ११ मतांवर आणली. मग अर्धा टक्का उतरला, जुलै २०१० पासून. त्याच वर्षी टॉड प्राथमिक फेरीत टोनी प्रेकविंकल यांच्याकडून हरले. वडिलांना भक्कम ठेवणारा नियम मुलाच्या हाती आल्यावर बदलला गेला, हे नोंदीत यायलाच हवं.

दप्तरी:
मतांचे आकडे घेताना एक पथ्य पाळा. शिकागो शहराचे निकाल शहराचं निवडणूक मंडळ जाहीर करतं, उपनगरांचे काउंटी क्लार्क. दोन्हींची बेरीज केल्याशिवाय काउंटीचा आकडा निघत नाही. २००६ मध्ये स्ट्रोगर शहरात पुढे आणि उपनगरांत मागे होते, त्यामुळे एकच तक्ता उचललात तर जिंकलेला माणूस हरलेला दिसेल. शिवाय आर्थिक वर्ष १ डिसेंबरला सुरू होतं आणि अध्यक्षाचा कार्यकाळही डिसेंबरपासून. ‘१९९४ चा अर्थसंकल्प’ स्ट्रोगर यांच्या नावावर टाकू नका, तो फेलन यांचा.