गटकर्जाचा हप्ता नेमका कोण भरतो? (अनुभव धागा)

गटकर्जाची, म्हणजे सूक्ष्मकर्ज संस्था बायकांच्या गटाला एकमेकींच्या हमीवर देतात त्या छोट्या कर्जांची, वसुली कागदावर जवळजवळ शंभर टक्के दिसते. तो हप्ता कोठून आला, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही. कर्ज घेतलेल्यांनी, वसुली केलेल्यांनी आणि हिशेब तपासणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

वसुलीचे काम केलेली सदस्य : एकीचा जरी हप्ता कमी पडला, तरी सेंटरच्या (काही गटांच्या एकत्र हप्तावसुलीच्या ठिकाणच्या) मीटिंगमधून कोणालाही उठू द्यायचे नाही, असा आमच्याकडे तोंडी दंडक होता. मग उरलेल्या बायका चुळबुळत, कुरकुरत आपापसांत पैसे गोळा करत आणि मी तिच्या कार्डावर नेहमीसारखीच सही करत असे. थकबाकी शून्य! बुडिताची जोखीम संस्थेने नव्हे, शेजारणींनी उचललेली असते.

कर्जदार : शेळ्यांसाठी कर्ज घेतले आणि पुढच्याच आठवड्यात पहिला हप्ता आला. शेळी व्यायच्या आधीच हप्ते सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीचे हप्ते मुद्दलातूनच गेले. पुढचे भागवायला दुसऱ्या संस्थेचे कर्ज काढले आणि त्यासाठी तिसऱ्या. गटात माझे नाव मात्र 'नियमित सभासद' म्हणून घेतले जाई.

हिशेबनीस : 12 टक्के फ्लॅट दराने (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) वर्षभराचे कर्ज साप्ताहिक हप्त्यांनी फेडले, तर घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर मोजल्यास, तो दर सुमारे 23 टक्के पडतो, कारण फेडून झालेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते. प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापला, तर बोजा आणखी वाढतो.

धोरणाचा अभ्यासक : 2010 मध्ये आंध्र प्रदेशाने अध्यादेश काढून सूक्ष्मकर्ज संस्थांच्या वसुलीला लगाम घातला, कर्जदारांचा छळ थांबला, पण नवे कर्जही आटले, हे विसरून चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. मात्र मजुरीवर जगणाऱ्या घराचे उत्पन्न कर्मचारी अंदाजानेच लिहितो आणि त्याला तर कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे असते.

आणखी एक सदस्य : माझ्या नावावरचे कर्ज दिराने वापरले. तो कामासाठी परगावी गेला, फोन उचलेनासा झाला. सही माझी असल्यामुळे हप्ता मीच भरते आहे.