पहिलं घर: पुनावळेचं नवीन की धायरीचं रीसेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने आमचे शनिवार-रविवार फ्लॅट बघण्यातच चाललेत, आता दोनच उरलेत पण घरात एकमत होत नाहीये म्हणून इथे विचारतेय. सध्या पुण्यात वारज्यात भाड्याने राहतो, भाडं 19 हजार. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, माझं स्वारगेटला, त्यामुळे कुठेही घेतलं तरी एकाची वाट लागणारच आहे.

पुनावळेचा टू बीएचके अंडर कन्स्ट्रक्शन आहे, 68 लाख, महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर पझेशन डिसेंबर 2027. सेल्सचा मुलगा आधी 'साडेआठशे स्क्वेअर फूट' म्हणत होता, रेरा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा विचारल्यावर 610 वर आला! वर 5 टक्के जीएसटी म्हणजे 3 लाख 40 हजार, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं पण भरा, हप्ता पण भरा. एकदा मुद्दाम सकाळी आठला गेलो तर शेजारच्या सोसायटीच्या गेटवर टँकर लाइनीत उभे, वॉचमन म्हणे रोजचंच आहे मॅडम.

धायरीचा 14 वर्षं जुना, तिसरा मजला, 62 लाख, जीएसटीची भानगड नाही, लगेच राहायला जाता येईल. कंप्लिशन सर्टिफिकेट घरमालक काकांनी न मागता काढून दाखवलं, मला माणसं आवडली खरं तर. पण बेडरूममध्ये एक कॅलेंडर टांगलेलं, तेही कमरेच्या उंचीवर. इतक्या खाली कोण लावतं? मी सहज बाजूला केलं तर मागे रंगाचे पापुद्रे, हात लावला तर भिंत गार आणि ओलसर, पलीकडे बाथरूम. काकू म्हणाल्या "पावसाळ्यात थोडं होतं गं." आम्ही गेलो तेव्हा मार्च चालू होता.

ते एकवेळ बाथरूमच्या टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग करून घेऊ, पण सोसायटीचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाहीये, म्हणजे जमीन बिल्डरच्याच नावावर. सेक्रेटरी म्हणतात डीम्ड कन्व्हेयन्सचं (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) बघतोय, आणि हे बघणं म्हणे पाच वर्षं चालूये. कुणी उपनिबंधकांकडे अर्ज करून हे करून घेतलंय का, किती वेळ लागला, आणि एवढ्यासाठी चांगला फ्लॅट सोडावा का?

धायरीच्या पैशांचं म्हणाल तर बँक 80 टक्केच देणार, स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 34 हजार आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार आपल्याच खिशातून, म्हणजे साधारण 17 लाख लागतील, हातात 19 आहेत. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्युटी 1 टक्का कमी, 62 हजार वाचतात, वॉटरप्रूफिंग त्यातच निघेल असं मी म्हटलं तर सासूबाई एकदम गप्पच झाल्या :) पण कर्ज दोघांच्या पगारावर लागणार, मग मालक मी एकटी आणि नवरा फक्त को-अ‍ॅप्लिकंट असं बँका करतात का? त्याला मग हप्त्यावर टॅक्समध्ये सूट मिळणार नाही असं कुणीतरी सांगितलं, तो हिशोब कुणी मांडून बघितलाय का?

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या मालकी-व्यवहारांची तपासणी) काढायचाच आहे, तिकडे धायरी-नऱ्हे भागातलं काम केलेले कुणी माहितीत असतील तर मला मेसेज करा प्लीज. काकांना रविवारपर्यंत सांगायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. (सगळेच म्हणतात.)