मदत हवी आहे: १९७२ची एमजीबी घेऊ की १९७३ची अल्फा स्पायडर?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळ राहतो. जुनी उघड्या टपाची गाडी घ्यायची म्हणून बरीच वर्षं पैसे साठवले. आता दोनच गाड्या उरल्यात: एमजीबी रोडस्टर आणि अल्फा रोमिओ स्पायडर २०००. अल्फा थोडी महाग आहे. रोड टॅक्स दोन्हींना माफ, त्यामुळे तो प्रश्न नाही.

दोन्ही चालवून पाहिल्या. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसी, ९५ हॉर्सपॉवरचं. कमी आरपीएमलाही छान ओढते, चढावर गिअर पाडावा लागत नाही. पण मागे स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे असल्यामुळे खडबडीत वळणावर ढुंगण उडतं. अल्फाचं १९६२ सीसी, दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), १३०च्या आसपास हॉर्सपॉवर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. चार हजारांच्या पुढे इंजिन असं मोकळं होतं की पाय उचलवत नाही. मन तिच्यातच अडकलंय.

काम मात्र मीच करणार, सुट्टीच्या दिवशी. बाबांच्या पद्मिनीचा कार्बोरेटर त्यांच्याबरोबर खोलून शिकलो, तेवढाच अनुभव. एमजीबीचे पार्ट इथे सहज मिळतात, अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८पासून मिळते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, स्क्रूने जुळतात. अल्फात त्याच फटीसाठी शिम (पातळ चकत्या) बदलायच्या तर कॅमशाफ्टच उतरवावे लागतात.

आता खरी अडचण. अल्फा थंड असताना दुसरा गिअर करकरतो. दहा मिनिटांनी तेल तापल्यावर गुपचूप पडला. सिंक्रो (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेली कडी) जाणं हे या गिअरबॉक्सचं जुनं दुखणं, हे माहीत आहे. एमजीबीच्या सिलवर (दाराखालच्या लांब पत्र्याच्या पेटीवर) फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, तर डाव्या दाराखाली वीतभर जागेत तो चिकटेचना. म्हणजे आत गंज, वर लांबी (पुट्टी) भरलेली. या गाडीचा भार सिलवरच असतो, आणि ते नीट बदलायचं तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. मला वेल्डिंग येत नाही.

अल्फाचा गिअरबॉक्स कुणी स्वतः खोललाय का? एवढ्या करकरीवर अजून किती चालवता येईल? दुसरा गिअर जरा थांबून टाकत राहिलं तर एखादं वर्ष निघेल का? आणि एमजीबीवाल्यांनो, वीतभर लांबी दिसली की तेवढाच पत्रा कापून भागतं, की उघडल्यावर अख्खं सिल निघतं?

दोन्ही मालकांना रविवारपर्यंत कळवायचंय. स्वतः हात काळे केलेल्यांनी जरूर लिहा.